‘तुझीच’मधला च

तो ‘च’ मी लिहिला होता, ताईने नाही. तिने मला सांगितलं होतं, ‘तुझी मैत्रीण वंदना’ असं लिही. मी लिहिलं, ‘तुझीच वंदना’. एवढी साधी गोष्ट कागदावर यायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला, आणि आता ती लिहितानाही मला लाजेपेक्षा संताप जास्त येतो आहे. त्या संतापाचा मोठा वाटा माझ्या स्वतःवरच आहे. पण सगळाच स्वतःवर घेऊन मोकळं होण्याइतका मी भाबडा राहिलेलो नाही. त्या सकाळी आमच्या घरात माझ्याखेरीज तीन मोठी माणसं होती. एका अक्षरावरून त्यांनी एका मुलीचं पुढे काय करायचं ते ठरवलं, आणि वीस मिनिटांवरच्या कॉलेजात जाऊन एक प्रश्न विचारण्याची तसदी त्यांतल्या एकानेही घेतली नाही.

आम्ही नाशिकच्या सातपूरला कामगार वसाहतीत राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि दारात बाबांनी लावलेला कढीपत्ता. कारखान्यांचे भोंगे हेच आमचं घड्याळ. सकाळचा पहिला भोंगा झाला की आई कणीक मळायला घ्यायची आणि दुपारच्या भोंग्याला आमचा चहा. बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि घरही त्यांनी स्टोअरसारखंच लावलं होतं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. तूरडाळ, जाडा रवा, बारीक रवा. माळ्यावरच्या डब्यांवर खिळे, स्क्रू, जुने स्क्रू. माझं अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. ताईचं अक्षर म्हणजे, तिच्याच शब्दांत, मुंग्या शाईत पाय बुडवून चालत गेल्यासारखं. ती माझ्याहून दीड वर्षाने मोठी. ती बारावीला होती आणि मी त्याच कॉलेजात अकरावीला. मला अक्षर होतं, पण हाताला चव तिच्या होती. आई घरात नसली की ती जे काही करायची ते बाबा एक शब्दही न बोलता दोनदा वाढून घ्यायचे, आणि आमच्या घरात कौतुक करायची तेवढीच पद्धत होती.

तिला पुण्याला केटरिंगच्या कॉलेजात जायचं होतं, हॉस्टेलवर राहून. त्याचा फॉर्म तिने मागवून घेतला होता आणि तो बाबांच्या कपाटात वरच्या खणात पडून होता. “परीक्षा होऊ दे, मग करतो सही,” असं बाबा म्हणाले होते. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. आमच्या घरात मुलीच्या बाबतीत हे फार होतं. ताई दर दोन-चार दिवसांनी कपाट उघडून तो फॉर्म तिथेच आहे ना ते बघायची.

व्हॅलेंटाईन डे आमच्या कॉलेजात तेव्हा नुकताच येऊ लागला होता. मुलं लाल शर्ट घालून फाटकापाशी उभी राहायची आणि मास्तर मंडळी त्या दिवशी उगाचच जास्त खाकरायची. ताईला त्या प्रेमबिमात काही रस नव्हता. “भावाला राखी आहे, नवऱ्याला वटपौर्णिमा आहे, बायकांना हळदीकुंकू आहे,” ती आईला म्हणाली, “मैत्रिणीला काय आहे? काहीच नाही. बारावी झाली की आम्ही सगळ्या पांगणार. म्हणून हा दिवस मी मैत्रिणींना देऊन टाकला. कुणाच्या बापाचा आहे का तो?”

“बाप काढू नकोस,” आई म्हणाली, “बाहेर पेपर वाचतोय तो.”

म्हणजे आईला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो. ताई जो खाऊ करणार होती तो कुणासाठी, हे आईला पहिल्यापासून ठाऊक होतं.

ताईने वाचनालयातल्या एका मासिकातून चॉकलेट मार्शमेलो कुकीची कृती उतरवून आणली होती. मार्शमेलो हा शब्द घरात कुणाला धड म्हणता यायचा नाही. आई त्याला ‘ते मऊ’ म्हणायची. त्यात जिलेटिन घालायला सांगितलं होतं, आणि ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात हे ताईने कॉलेजात विचारून घेतल्यावर तो विषय आमच्या घरापुरता संपला. मग तिने उन्हाळ्यात आई जेलीला वापरायची तो चायना ग्रास काढला. तो पाण्यात उकळवून, साखरेच्या पाकात ओतून, फुलेपर्यंत फेटायचा होता. शेजारच्या काकूंकडून अंडी फेटायचं यंत्र आणलं, आईने ते तीन वेळा धुतलं, तरी वास घेऊन बघितलंच. मी अर्धा तास त्याचा दांडा फिरवत होतो. पातेल्यातला पारदर्शक पाक हळूहळू दुधासारखा झाला, मग साबणाच्या फेसासारखा, आणि शेवटी इतका घट्ट की चमचा त्यात उभा राहिला. ताईने बोटाने चाखून डोळे मिटले. आजही कुणी मला सुख म्हणजे काय असं विचारलं तर मी तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा सांगेन, आणि मग तो मी कसा घालवला तेही सांगावं लागेल.

भाजायला घरात काही नव्हतं. दिवाळीत वसाहतीतल्या बायका रवा, मैदा, तूप घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायच्या आणि समोर उभं राहून नानकटाई भाजून आणायच्या. आम्ही फेब्रुवारीत गेलो. बेकरीवाले चाचा कोको घातलेलं काळं पीठ बघून म्हणाले, “बेटा, ये नानकटाई जलने के बाद भट्टीत टाकतात काय?”

“चाचा, चॉकलेटची आहे.”

“आणि वरती ये साबण?”

“ते मऊ असतं. खाऊन बघा.”

चाचांनी खाल्लं, जीभ टाळूला लावून विचार केला आणि पत्रा भट्टीत सरकवला. पहिल्या पत्र्यावरचं सगळं मऊ वितळून खाली गेलं आणि करपलं. बारा कुकी गेल्या. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चाचा म्हणाले, “रोने का नाही. आधी बिस्कीट भाजू, गरम असताना तुझा साबण वरती ठेव. भट्टीत त्याचं काम नाही.” तसं केलं आणि जमलं. घरी आणून ताईने वाफेवर चॉकलेट पातळ केलं आणि एकेका कुकीवर ओतलं. वरचं कवच टचकन तुटायचं, आत ढगासारखं मऊ आणि खाली खुसखुशीत. मिठाईचे चार रिकामे खोके पुसून त्यांत सहा-सहा भरल्या. चार मैत्रिणी, चार खोके. प्रत्येकात एक चिठ्ठी.

चिठ्ठ्या अर्थातच मी लिहिल्या. ताई हात धूत धूत सांगत होती, ‘प्रिय अमुक, गोड खा, गोड राहा, तुझी मैत्रीण वंदना’. तीन मी तशाच लिहिल्या. चौथी किरणची होती. किरण म्हणजे शहरातल्या द्वारका चौकाकडून बसने येणारी, दोन वेण्या घालणारी, ताईच्या वर्गातली मुलगी. आमच्या घरी ती कधी आली नव्हती. कॉलेजच्या नळावर तिने एकदा मला “तू वंदनाचा भाऊ ना?” असं विचारलं होतं, आणि त्या चार शब्दांवर मी महिनाभर जगत होतो. तिच्या चिठ्ठीशी आलो आणि मला वाटलं, ही चिठ्ठी तिच्या हातात जाणार, हे माझं अक्षर ती वाचणार. माझ्या नावाने लिहायची छाती नव्हती. म्हणून ताईच्या नावाआड लपून मी ‘तुझीच’ लिहिलं. मनात ‘तुझाच’ म्हणालो. ताईने चिठ्ठ्या न वाचता खोक्यांत टाकल्या, कारण डब्यांवरच्या चिठ्ठ्याही मी लिहिलेल्या कुणी वाचून बघत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे काका आले. इगतपुरीला रेल्वेत होते ते, बाबांचे थोरले भाऊ. डोळे तपासायला नाशिकला आले होते. आईने चहा दिला. काकांना चहाबरोबर काहीतरी लागायचं. त्यांनी हाताशी असलेला खोका उघडला.

“सुमन, ही नानकटाई काळी कशी गं? जळली काय?” असं आईला विचारत त्यांनी एक उचलली, आणि खालची चिठ्ठी दिसली. काका पोस्टकार्डं वाचायचे तसं त्यांनी ती खणखणीत आवाजात वाचली. “प्रिय किरण, गोड खा, गोड राहा. तुझीच वंदना.” मग थांबले. पुन्हा वाचलं, या वेळी तोडून. “तुझी. च.”

बाबा आरशासमोर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते आत आले. “कोण किरण?”

“माझी मैत्रीण आहे, बाबा. वर्गातली.” ताई वेणी घालत होती. तिला अजून काहीच कळलं नव्हतं.

“पलीकडच्या गल्लीतला मोटरसायकलवाला किरण नाय ना?” काका म्हणाले.

“काका, मुलगी आहे. किरण मुलीचंही नाव असतं.”

“असतं ना. मी कुठं नाय म्हणतो? पण मैत्रिणीला ‘तुझी’ लिहितात. हा च कशापायी? च म्हणजे दुसऱ्या कुणाची नाय, तुझीच. आम्हाला बी मराठी येतं, पोरी.”

ज्या माणसाचं प्रत्येक कार्ड ‘तुझाच दादा’ असं संपायचं, त्या माणसाने हे म्हटलं. आणि ते ऐकून घेतलं ते माझ्या बाबांनी, ज्यांनी त्याला जन्मभर ‘आपलाच’ लिहून उत्तरं पाठवली. पत्राशेवटी तो च आम्ही श्वासासारखा लिहीत होतो. पुरुषांनी लिहिला तर ती माया, आणि मुलीच्या नावाखाली आला की पुरावा. हे मला आज सुचतं. तेव्हा सुचलं नाही.

ताईने काकांच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि पहिल्यांदाच वाचली. “हे मी नाही सांगितलं,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. उलट थोडी हसतच होती, आता एका मिनिटात सगळं मिटेल अशा खात्रीने. “अवी, हे काय लिहिलंस रे?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं बोलायचं म्हणजे किरणचं नाव माझ्या तोंडून बाबांसमोर, काकांसमोर निघणार होतं. माझ्या महिनाभराच्या त्या गुपिताचे सगळ्यांदेखत वाभाडे निघणार होते. मी म्हणालो, “लिहिलं मी. पण ताईने सांगितलं तसंच लिहिलं.”

ताई काही ओरडली नाही. नुसतं “अवी” म्हणाली. मी कढीपत्त्याकडे बघत राहिलो. ती मग बाबांना म्हणाली, “चला माझ्याबरोबर कॉलेजात. किरण दाखवते तुम्हाला.” काका म्हणाले, “आता कालिजात जाऊन तमाशा करायचा का?” बाबांनी गालावरचा वाळलेला साबण हाताने पुसला. आईने चहाची भांडी गोळा केली. मैत्रिणींसाठीचे खोके आहेत, मला ठाऊक आहे, एवढं वाक्य आईला बोलता आलं असतं. ती भांडी घासत राहिली. आणि काकांनी हातातली कुकी तेवढी खाऊन संपवली. जीभ ओठांवरून फिरवून संपवली. इतक्या वर्षांनंतर मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर त्या जिभेची.

चारही खोके बाबांनी पिशवीत घालून कारखान्यात नेले, कारण अन्न वाया घालवायचं नाही. स्टोअरमधल्या लोकांना त्यांनी ते वाटले. संध्याकाळी येऊन आईला म्हणाले, “लोकांना फार आवडलं.” ताई शेजारच्या खोलीत होती. तिने ते ऐकलं.

त्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद. परीक्षेपुरतं बाबा सोडायला आणि आणायला. चार दिवसांनी खरीखुरी किरण ताईची चौकशी करायला आमच्या दारात आली, दोन वेण्या, खांद्याला पिशवी. आईने पाणी दिलं, अभ्यास चालू आहे म्हणून सांगितलं आणि परत पाठवलं. मी मोरीत लपून बसलो होतो. आता तरी मिटेल असं मला वाटलं, म्हणजे मला काही न बोलता मिटेल. रात्रीच्या जेवणाला आईने सांगितलं, “ती किरण येऊन गेली. मुलगीच आहे.” बाबांनी भात कालवला आणि म्हणाले, “असेल एक किरण. चिठ्ठी त्याच किरणला होती कशावरून?” ताटावरून न उठता, दारात उभ्या राहिलेल्या पुराव्याला माणूस असा परत पाठवू शकतो हे मी त्या रात्री पाहिलं. आणि मी पोळी मागितली.

याच्यावर कडी म्हणजे माझं कौतुक झालं. “पोरगं खरं बोललं म्हणून वेळेत कळलं,” असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. लग्नकार्यात मला बोलावून दाखवायचे. ताई पंगतीत वाढत असायची, मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा.

जूनमध्ये ताईने एकदाच फॉर्मचं विचारलं. बाबा म्हणाले, “आता नाही ते.” जाड, छान कागद होता. बाबांना कागद फुकट घालवायला आवडत नसे. फॉर्मच्या कोऱ्या पाठीचे चौकोनी तुकडे करून त्यांनी डब्यांच्या नव्या चिठ्ठ्या केल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. मी त्या लिहिल्या. चांगल्या वळणदार लिहिल्या.

ताई नाशिकलाच बीए झाली, एकविसाव्या वर्षी तिचं सिन्नरला लग्न झालं. दाजी भला माणूस आहे. ती एका शाळेच्या ऑफिसात काम करते. नात्यातल्या प्रत्येक वाढदिवसाचा केक तिच्याकडून येतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी खाता खाता म्हणतं, “वंदना, तू बेकरीच काढायला हवी होतीस बघ.” ती “हो ना” म्हणते. मला तिथून उठून जावंसं वाटतं.

मी आजवर दोनदा माफी मागायला गेलो. एकदा राखीला म्हणालो, “ताई, तेव्हा चुकलं माझं, पण मी लहान होतो गं.” ती म्हणाली, “लहान होतास तर माफी कशाला मागतोस? आणि नव्हतास तर लहान होतो म्हणू नकोस.” राखी बांधली, पेढा भरवला. दुसऱ्यांदा, आईच्या वर्षश्राद्धाला, म्हणालो, “चुकलं माझं, पण बाबांनी तरी एवढं ताणायला नको होतं.” ती म्हणाली, “तू कुणाच्या वतीने आलायस, तुझ्या की बाबांच्या?” मग बरीच वर्षं मी गेलोच नाही, आणि तिने नीट ऐकून घेतलं नाही अशी स्वतःची समजूत घातली. सोळा वर्षांचा मुलगा लहान नसतो. माझी मुलगी मृणाल आता सतरा वर्षांची आहे. मला चांगलं माहीत आहे ती काय काय समजते ते.

गेल्या फेब्रुवारीत याच मृणालने मित्रमैत्रिणींना घरी बोलावलं. आमच्या ओव्हनमध्ये त्यांनी मार्शमेलो घालून चॉकलेट कुकी केल्या. मार्शमेलोचं आता हिरव्या ठिपक्याचं, शाकाहारी पाकीट मिळतं. दोन मुली, तीन मुलगे, सगळे पिठात माखलेले, सगळे एकमेकांना लाल रिबिनीचे डबे देत होते. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते खुर्चीत बसून बघत होते. मृणालने त्यांना एक कुकी दिली. “आजोबा, व्हॅलेंटाईनची आहे हं.”

“असू दे की,” बाबा म्हणाले. खाल्ली. दुसरी मागितली. “आमच्या वंदनाच्याही हाताला फार चव होती,” त्या मुलांना म्हणाले.

माझं डोकं सणकलं. मुलं गेल्यावर मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, “बाबा, वंदनाची चिठ्ठी आठवते?”

“कसली चिठ्ठी?”

“किरणची. तिचं पुण्याचं कॉलेज कशामुळे राहिलं?”

“पुण्याला जायचं होतं का तिला?” त्यांनी खरोखर आठवून बघितलं. “छे. तिलाच घर सोडवत नव्हतं.”

ते खोटं बोलत नव्हते. विसरले होते, आणि विसरलेल्या जागी त्यांना सोयीचं काहीतरी उगवलं होतं. तीस वर्षं मी ज्या गोष्टीखाली वाकून चालत होतो ती त्यांच्याकडे शिल्लकच नव्हती. मी म्हणालो, “बाबा, चिठ्ठीतला तो च मी माझ्या मनाने लिहिला होता. ताईने सांगितला नव्हता. मी तुमच्याशी खोटं बोललो.” त्यांनी शर्टावरचा चुरा झटकला. “बरं बरं,” म्हणाले, “जुनं झालं ते. अजून अर्धी आहे का रे?”

मी त्यांना अर्धी दिली नाही. चिडूनच उठलो, आणि उठता उठता माझ्या लक्षात आलं, की आई आणि काका आता राहिले नाहीत, त्या सकाळचं नीट आठवणारी माणसं ताई आणि मी अशी दोनच उरली आहेत, आणि बाबांवर तोंडसुख घेऊन मी पुन्हा एकदा त्यांच्याआड लपायच्या बेतात आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सिन्नरला गेलो. दाजी बाहेर गेले होते. ताई ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होती. “फोन न करता?” ती म्हणाली. “बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत.” मी बसलो नाही. “ताई, तू मला ‘तुझी मैत्रीण’ लिहायला सांगितलं होतंस. ‘तुझीच’ मी लिहिलं. किरण मला आवडायची म्हणून लिहिलं. तू सगळ्यांसमोर विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. ती घरी आली तेव्हा मी मोरीत लपलो होतो. बाबा मला खरं बोलणारा म्हणायचे ते तुझ्यादेखत ऐकून घेतलं. तुझं पुण्याचं कॉलेज माझ्या एका वाक्याने गेलं. मला माफ कर.”

तिचे हात थांबले. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“पण?” ती म्हणाली.

“पण काही नाही, ताई. माझं चुकलं.”